क्लीव्हलँडचा सोमवार

सरकारी मराठीत ‘कार्यमुक्त’ असा एक शब्द आहे. बदलीच्या आदेशात, निवृत्तीच्या पत्रात तो हमखास येतो. वाचताना वाटते, की त्या माणसाच्या खांद्यावरचे ओझे कोणीतरी मायेने उतरवून ठेवले आहे. बोलीभाषेला असले सोंग जमत नाही. ती सरळ ‘नारळ दिला’ म्हणते. अमेरिकन फुटबॉलच्या व्यवसायात ‘कार्यमुक्त’चे काम ‘रिलीज’ हे क्रियापद करते. तिथे संघ खेळाडूला काढत नाही, ‘रिलीज’ करतो.

८ नोव्हेंबर १९९३, सोमवार. ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँड ब्राउन्स या संघाने बर्नी कोझार या आपल्या क्वार्टरबॅकला असेच रिलीज केले. कोझार नववा हंगाम खेळत होता. अडीच आठवड्यांनी त्याला तीस वर्षे पूर्ण होणार होती. हंगाम बरोबर अर्ध्यावर आला होता : सोळापैकी आठ सामने झाले होते, त्यांतले पाच संघाने जिंकले होते, आणि गटात तो बरोबरीने का होईना, पहिल्या जागेवर होता. ज्याला कोझारची जागा द्यायची होती तो व्हिनी टेस्टाव्हर्डी खांदा दुखावून घरी बसला होता. अशा वेळी संघाने आपला एक जुना आणि शहराचा सगळ्यात लाडका खेळाडू मोकळा केला.

मी या घटनेपाशी पोचलो तो खेळाच्या वाटेने नव्हे. पूर्व ओहायोतले पोलाद कारखाने कसे बंद पडले याविषयी वाचत असताना यंगस्टाउन या गावाच्या आसपासची दोन घराणी पुन्हा पुन्हा समोर येऊ लागली, आणि दोन्ही या सोमवारपाशी येऊन थांबत होती. एक काढला गेलेल्याचे, दुसरे काढणाऱ्याचे.

आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो हा खेळ नव्हे, हे आधी सांगून टाकलेले बरे. लंबगोल चेंडू, शंभर यार्डांचे मैदान, दोन्हीकडे अकरा-अकरा माणसे. चार प्रयत्नांत चेंडू दहा यार्ड पुढे न्यायचा. जमले तर आणखी चार प्रयत्न, नाही जमले तर चेंडू दुसऱ्याचा. प्रत्येक प्रयत्नाची आखणी आधीच ठरलेली असते. ती प्रत्यक्षात आणणारा माणूस म्हणजे क्वार्टरबॅक. चेंडू पहिल्यांदा त्याच्या हाती येतो आणि तो कुणाकडे फेकायचा हे दोन-तीन सेकंदांत त्याला ठरवावे लागते, तेही समोरून शंभर-सव्वाशे किलोंची माणसे अंगावर येत असताना. या खेळात खांद्याइतकीच नजर लागते. कोझारचा खांदा कधीच फारसा बलवान नव्हता. फेकण्याची ढब बेंगरूळ, हात बाजूने फिरायचा, पाय तर पळण्यासाठी नव्हतेच. पण समोरची फळी काय करणार हे त्याला आधी दिसायचे. जुन्या चित्रफितींमध्ये तो चेंडू हाती येण्यापूर्वी रेषेवर उभा राहून हातवारे करत आखणी बदलताना दिसतो. प्रेक्षकांना त्यातच मजा वाटे. त्याच्या शेवटच्या प्रशिक्षकाला ती किती वाटत असेल, याविषयी शंका घ्यायला जागा आहे.

कोझार बोर्डमनचा. हे यंगस्टाउनचे उपनगर, क्लीव्हलँडपासून ताशी साठ मैलांच्या वेगाने गेले तर सव्वा तासावर. १९ सप्टेंबर १९७७ रोजी यंगस्टाउन शीट अँड ट्यूब कंपनीने आपल्या कॅम्पबेल कारखान्याचा बहुतेक भाग बंद करत असल्याचे जाहीर केले आणि सुमारे पाच हजार माणसांचे काम गेले. तोही सोमवारच होता. त्या खोऱ्यात आजही त्याला ‘काळा सोमवार’ म्हणतात. कोझार तेव्हा तेरा वर्षांचा होता. पुढच्या पाच-सहा वर्षांत आजूबाजूचे इतर कारखानेही एकामागून एक थंडावले. क्लीव्हलँडची तऱ्हा वेगळी नव्हती. १९५० साली तिथे नऊ लाख चौदा हजार माणसे राहत होती, १९९० साली पाच लाख पाच हजार उरली. १९६९ साली शहरातल्या कायाहोगा नदीवरच्या तेलकट तवंगाने पेट घेतला. १९७८च्या डिसेंबरात महापालिकेला बँकांची देणी फेडता आली नाहीत. देशभरच्या विनोदवीरांना या शहराने बरीच वर्षे फुकट खाद्य पुरवले.

अशा शहरात एक मुलगा स्वतःहून आला, ही कोझारच्या लोकप्रियतेची खरी गोम आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये १९३६पासून खेळाडू संघ निवडत नाही, संघ खेळाडू निवडतात. ज्याची आदल्या वर्षीची कामगिरी सर्वांत वाईट, त्याची पहिली पाळी. मायामी विद्यापीठात राष्ट्रीय विजेतेपद मिळवून कोझारने पदवी वेळेआधी पुरी केली, आणि १९८५च्या नेहमीच्या निवडीत नाव न देता त्यानंतर होणाऱ्या पुरवणी निवडीत दिले. त्या निवडीतली पहिली पाळी ब्राउन्सनी बफेलोच्या संघाशी देवघेव करून आधीच मिळवून ठेवली होती. इतर संघांनी आरडाओरडा केला, लीगच्या आयुक्तांपर्यंत प्रकरण गेले, पण नियमात ते बसत होते. ज्या काळात जो तो क्लीव्हलँड सोडून जायला बघत होता, त्या काळात हा एकवीस वर्षांचा मुलगा नियमांतून फट काढून तिथे आला. शहराने त्याला पोरासारखे मानले. ‘लुई लुई’ या गाण्याच्या चालीवर त्याच्या नावाचे गाणे रेडिओवर वाजू लागले.

पुढच्या पाच हंगामांत, १९८५ ते १९८९, ब्राउन्स दर वर्षी बाद फेरीत पोचले. त्यांतल्या तीन वर्षी ते अंतिम लढतीच्या अगदी उंबरठ्यावर होते आणि तिन्ही वेळा डेन्व्हरकडून हरले. ११ जानेवारी १९८७ रोजी डेन्व्हरच्या जॉन एल्वेने शेवटच्या पाच-साडेपाच मिनिटांत अठ्ठ्याण्णव यार्डांची चढाई करून हातातला सामना काढून नेला. पुढच्या जानेवारीत ब्राउन्सचा अर्नेस्ट बायनर बरोबरी साधायला गोलरेषेच्या तोंडाशी पोचला आणि चेंडू त्याच्या हातून निसटला. क्लीव्हलँडमध्ये या दोन प्रसंगांना नुसते ‘ती चढाई’ आणि ‘तो चेंडू’ एवढे म्हटले तरी पुरते. या संघाने शेवटचे विजेतेपद १९६४ साली मिळवले होते.

आता दुसरे घराणे. १९९१ साली संघमालक आर्ट मॉडेल याने प्रशिक्षक म्हणून बिल बेलिचिकला आणले. तो अडतीस वर्षांचा होता आणि न्यूयॉर्क जायंट्सच्या बचावफळीचा सूत्रधार म्हणून त्याने नुकतेच मोठे नाव कमावले होते. त्याचे बालपण ॲनापोलिसमधले, पण वडील स्टीव्ह हे यंगस्टाउनला लागून असलेल्या स्ट्रदर्स गावात वाढले. क्रोएशियातून आलेले, पोलाद कारखान्याच्या आधाराने जगणारे हे कुटुंब. स्टीव्ह फुटबॉलच्या जोरावर क्लीव्हलँडच्याच वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात शिकले आणि पुढे नौदल अकादमीत तेहतीस वर्षे प्रतिस्पर्धी संघांचा अभ्यास करण्याचे काम त्यांनी केले. त्यावर त्यांचे १९६२ सालचे एक पुस्तकही आहे. मुलगा लहानपणापासून वडिलांच्या शेजारी बसून सामन्यांच्या फिल्म बघत वाढला. फिल्मवर माणूस कसा दिसतो? क्रमांक दिसतो, पाऊल कुठे पडले ते दिसते, किती सेकंद लागले ते दिसते. त्याने हे शहर निवडले होते, हे फिल्मवर दिसत नाही.

म्हणजे ‘बाहेरून आलेल्या कोरड्या माणसाने घरचा मुलगा घालवला’ ही क्लीव्हलँडची आवडती गोष्ट निदान अर्धी अपुरी आहे. घालवणाऱ्याचे घरही त्याच खोऱ्यातले होते.

आणि कोण खेळ चालवणार, प्रशिक्षक की क्वार्टरबॅक, हे भांडणही बेलिचिकने आणलेले नव्हते. ज्याच्या नावावरून संघाचे नाव पडले तो पॉल ब्राउन १९५०च्या दशकात प्रत्येक आखणी स्वतः ठरवून एका खेळाडूच्या तोंडी निरोप म्हणून मैदानात पाठवत असे. १९५६ साली तर त्याने क्वार्टरबॅकच्या शिरस्त्राणात रेडिओ बसवून पाहिला. याच ब्राउनला मॉडेलने १९६३च्या जानेवारीत काढले. शहरातली वर्तमानपत्रे तेव्हा संपामुळे बंद होती, ही गोष्ट मला अजून गमतीची वाटते. तीन वर्षांनी, १९६६ साली, संघाचा सर्वश्रेष्ठ खेळाडू जिम ब्राउन लंडनमध्ये सिनेमाच्या चित्रीकरणात अडकला. सरावाला येईपर्यंत दंड करू, असे मॉडेलने बजावताच त्याने तिशीतच निवृत्ती जाहीर करून टाकली. एवढ्या इतिहासानंतर मॉडेलने १९९३मध्ये काही अघटित केले, असे म्हणवत नाही.

त्या हंगामाची सुरुवात सलग तीन विजयांनी झाली होती. तरी तिसऱ्या सामन्यात कोझारला बसवून टेस्टाव्हर्डीला उतरवले गेले आणि त्याने हरत आलेला सामना फिरवला. गंमत अशी, की हा टेस्टाव्हर्डी मायामी विद्यापीठात कोझारच्या मागे पाळीची वाट बघत बसलेला खेळाडू. ऑक्टोबरात जागा त्याची झाली, मग त्याचा खांदा निखळला, आणि ७ नोव्हेंबरला डेन्व्हरविरुद्ध कोझार पुन्हा उभा राहिला. ब्राउन्स १४–२९ असे हरले. शेवटी-शेवटी कोझारने मायकेल जॅक्सन या खेळाडूकडे लांब पास टाकून टचडाउन मिळवला. सांगतात ते असे, की ही आखणी प्रशिक्षकाने पाठवलेली नव्हती. कोझारने ती मैदानातल्या मातीत बोटाने काढून दाखवली होती. क्लीव्हलँडसाठी त्याने फेकलेला तो शेवटचा पास.

दुसऱ्या दिवशी बेलिचिकने पत्रकारांना कारण सांगितले. त्यातले दोन शब्द शहर आजवर विसरलेले नाही. मराठीत ते ‘कौशल्यांचा ऱ्हास’ असे होतील. लोकांना तो अपमान वाटला. रेडिओवर लोकांचे फोन थांबेनात, मालक आणि प्रशिक्षक दोघांच्या नावाने शिमगा झाला. त्यानंतरच्या बहुतेक लेखनातही हे दोन शब्द बेलिचिकच्या तुसड्या स्वभावाचा पुरावा म्हणूनच येतात.

माझे मत वेगळे आहे. हे शब्द मुळात बेलिचिकचे नाहीत, ते कराराचे आहेत. लीगमधला प्रत्येक खेळाडू ज्या छापील करारावर सही करतो त्यात एक कलम असे आहे, की खेळाडूचे कौशल्य किंवा कामगिरी संघातल्या जागांसाठी स्पर्धा करणाऱ्या इतर खेळाडूंच्या तुलनेत समाधानकारक नाही, असे संघाला आपल्या एकट्याच्या मते वाटले, तर संघ करार संपवू शकतो. ‘आपल्या एकट्याच्या मते’ हा त्यातला गाभा. करार पाच वर्षांचा असो की सात, एरवी त्याची पुढची वर्षे खेळाडूला बांधतात, संघाला नाही. बेलिचिकने स्वभावाने केले ते एवढेच, की एरवी कपाटात राहणारी भाषा तो पत्रकारांपुढे मोठ्याने बोलला. दुसरा एखादा प्रशिक्षक ‘परस्परसंमतीने’, ‘कृतज्ञतापूर्वक’ असे काही पुटपुटला असता आणि कलम तेच वापरले असते.

या कलमाच्या मागे जो इतिहास आहे त्यातही क्लीव्हलँड आहे. खेळाडूंची संघटना १९५६ साली उभी राहिली ती ब्राउन्सच्याच खेळाडूंच्या पुढाकाराने. दांते लॅव्हेली आणि एब गिब्रन हे दोघे क्रेटन मिलर या क्लीव्हलँडच्या वकिलाकडे गेले. मागण्या किती साध्या होत्या : किमान पगार, खेळायच्या साहित्याचा खर्च, जायबंदी झालो तरी पगार चालू राहावा. पोलाद कामगारांच्या संघटनेने वीस वर्षांपूर्वी मागितले होते तसलेच काहीसे. पण एक मोठा फरक राहिला. पोलाद कारखान्यांच्या करारांत ज्येष्ठता हे कामगाराचे चिलखत होते. मंदी आली की शेवटी आलेला आधी बाहेर, जुना शेवटी. फुटबॉलमध्ये किमान पगार वर्षांबरोबर वाढतो, त्यामुळे जुना खेळाडू महाग आणि नवा स्वस्त. दोन सारख्याच ताकदीच्या माणसांतून एक निवडायचा झाला तर ज्येष्ठताच अंगाशी येते. यंगस्टाउनच्या परिसरात ज्येष्ठतेचा अर्थ पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी एका प्रकारे शिकलेला, त्यांच्याच मुलाला तो दुसऱ्या प्रकारे लागू झाला. शहराच्या रागाचा मोठा भाग मला इथे दिसतो. नऊ वर्षे राबलेल्या माणसाला मध्यावर कसे काढता, हा प्रश्न कारखान्यातला होता. उत्तर मिळाले ते दुसऱ्याच धंद्यातले.

१९९३ हे वर्षही नेमके सांध्यावरचे आहे. आदल्या वर्षी न्यायालयात जिंकल्यावर खेळाडूंना करार संपल्यानंतर संघ बदलण्याचा खराखुरा हक्क त्याच वर्षीच्या करारनाम्यात मिळाला. त्याच्या बदल्यात १९९४पासून प्रत्येक संघाच्या एकूण पगारखर्चावर कमाल मर्यादा आली. पहिल्या वर्षी ती तीन कोटी शेहेचाळीस लाख डॉलर होती. मर्यादा आल्यावर ठेवायचा कोण आणि काढायचा कोण याचा हिशेब दर संघाला रोजच करावा लागू लागला. कोझार या मर्यादेमुळे गेला असे नाही, ती अजून लागू व्हायची होती. पण त्याला ज्या पद्धतीने मोजले गेले, त्या पद्धतीने पुढच्या दहा वर्षांत शेकडो मोजले गेले.

पुढचा आठवडा मात्र कुठल्याही हिशेबात न बसणारा होता. डॅलस काउबॉइजचा क्वार्टरबॅक ट्रॉय एकमन जखमी होता. त्यांचा प्रशिक्षक जिमी जॉन्सन हा मायामीतला कोझारचा जुना गुरू. त्याने त्याला दोन दिवसांत बोलावून घेतले. १४ नोव्हेंबरच्या रविवारी, संघाची वही जेमतेम चाळून झालेली असताना, कोझार मैदानात उतरला आणि डॅलसने फिनिक्सला २०–१५ असे हरवले. त्याच दिवशी सिॲटलमध्ये ब्राउन्सनी टॉड फिलकॉक्स या नवख्याला उभे केले. पहिल्याच चालीत चेंडू त्याच्या हातून सुटला आणि प्रतिस्पर्ध्याने तो उचलून टचडाउन केला. निकाल ५–२२. अर्ध्या हंगामाला ५–३ असलेले ब्राउन्स ७–९ वर थांबले. इकडे २३ जानेवारी १९९४ला सॅन फ्रॅन्सिस्कोविरुद्धच्या उपांत्य लढतीत एकमनच्या डोक्याला मार बसला, आणि कोझारने येऊन बेचाळीस यार्डांचा पास टाकून सामन्याचा निकाल लावला. आठवडाभराने डॅलसने बफेलोला हरवले. ज्या अंतिम लढतीपाशी क्लीव्हलँड त्याच्याबरोबर तीनदा जाऊन परतले होते, तिच्या अखेरच्या मिनिटांत चेंडू कोझारच्या हाती होता.

एवढ्यावरून शहर बरोबर आणि प्रशिक्षक चूक असा निकाल देण्याचा मोह होतो. तो आवरावा लागतो. डॅलसनंतर कोझार तीन हंगाम मायामीत राहिला तो राखीव क्वार्टरबॅक म्हणूनच. पूर्ण हंगामभर संघ चालवण्याची जबाबदारी त्याच्याकडे पुन्हा कोणीच दिली नाही. १९९२ साली मोडलेला घोटा, नऊ वर्षे खाल्लेला मार, मुळातच बेताचा खांदा. बेलिचिकला फिल्मवर जे दिसले ते होतेच. चुकली ती वेळ. टेस्टाव्हर्डी बरा होईपर्यंत चार आठवडे थांबता आले असते, पण थांबायचे म्हणजे रेषेवर उभा राहून आखणी बदलणाऱ्या माणसाला आणखी चार आठवडे सोसायचे. माझ्या मते सोमवारचा निर्णय खांद्यावरून झाला त्याहून अधिक त्या मातीत काढलेल्या आखणीवरून झाला.

बेलिचिकने हा हात पुढेही आवरला नाही. २००३ साली, न्यू इंग्लंड पेट्रियट्सचा प्रशिक्षक असताना, त्याने लॉयर मिलॉय या आपल्या बचावफळीतल्या आधारस्तंभाला हंगाम सुरू होण्याच्या पाच दिवस आधी काढले. मिलॉय बफेलोला गेला आणि पहिल्याच सामन्यात बफेलोने न्यू इंग्लंडला ३१–० असे धुतले. तोच डोंब उसळला, तीच भाषा झाली. फरक एवढाच, की शेवटच्या आठवड्यात न्यू इंग्लंडने बफेलोला बरोबर ३१–० हरवले आणि विजेतेपदही मिळवले. म्हणून तिथे ती गोष्ट धूर्तपणाचा दाखला म्हणून सांगतात.

क्लीव्हलँडला अशी भरपाई मिळाली नाही. ६ नोव्हेंबर १९९५ला, पुन्हा एका सोमवारी, मॉडेलने सबंध संघच बॉल्टिमोरला नेत असल्याचे जाहीर केले. (सोमवारांच्या या मालिकेत गूढ काही नाही. फुटबॉल रविवारी असतो. वाईट बातम्या त्याच्या दुसऱ्या दिवशी येतात.) मोडकळीला आलेले जुने स्टेडियम आणि वाढते कर्ज ही त्याने दिलेली कारणे. त्या हंगामात संघ ५–११ असा रसातळाला गेला आणि १९९६च्या फेब्रुवारीत बेलिचिकलाही त्याने नारळ दिला.

शहर न्यायालयात गेले. त्यातून निघालेली तडजोड अमेरिकेच्या क्रीडा-इतिहासात आगळी आहे : खेळाडूंचे करार, प्रशिक्षकांचा ताफा, सामानसुमान बॉल्टिमोरला जाईल, नाव, रंग आणि १९४६पासूनच्या सगळ्या नोंदी क्लीव्हलँडकडे राहतील. संघ तीन वर्षे अस्तित्वातच नव्हता, तरी त्याच्या नोंदी होत्या. १९९९ साली नवा संघ त्याच नावाने उभा राहिला तेव्हा त्या त्याच्या झाल्या. त्यांत कोझारचा एक विक्रम आहे. १९९० आणि १९९१ या दोन हंगामांत मिळून त्याने सलग ३०८ पास टाकले आणि त्यांतला एकही प्रतिस्पर्ध्याच्या हाती लागू दिला नाही. यातला मोठा भाग बेलिचिकच्या हाताखालचा. लीगमधला हा उच्चांक जवळजवळ वीस वर्षे टिकला. २०१०च्या हंगामात तो टॉम ब्रेडीने मोडला, न्यू इंग्लंडकडून, बेलिचिक बाजूच्या रेषेवर उभा असताना.